पाणी कुठे गेलं?

पहाटे ५.४०

पुण्यात आषाढ लागला की स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याची परीक्षा सुरू होते. चहाबरोबर काढलेली खारी सादळलेली. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवले होते, तरी मिठाचा गोळा झालेला. ‘सादळणं’ हा शब्द आपल्या आज्यांनी फार नेमका वापरला. हवेतलं पाणी गुपचूप पदार्थात शिरतं, पदार्थ दिसायला तसाच राहतो आणि त्याचा गुण मात्र निघून जातो.

माझं गेल्या चौदा वर्षांचं काम याच एका शब्दाभोवती फिरतं आहे. कारखान्यांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारे सच्छिद्र पदार्थ आम्ही प्रयोगशाळेत बनवतो, आणि ते सादळतात.

फोनवर भट्टीचा रात्रीचा आलेख पाहिला. ३५० अंश सेल्सियसला नायट्रोजनच्या झोतात झिओलाइट रात्रभर तापत होता. आता तो खऱ्या अर्थाने कोरडा असेल. पावसाळ्यात आमच्याकडे कोरडं म्हणावं असं तेवढंच एक ठिकाण, त्या भट्टीतली बोटाएवढी स्टीलची नळी.

सकाळी ७.३०

छत्री बाहेर ठेवून आत शिरले. पहिलं काम रोजचं: सिलिंडरच्या साखळ्या, गळतीचा अलार्म, लॉगबुकात तारीख. हवेतली आर्द्रता ९१ टक्के, तीही लिहिली.

आमच्या मिश्रणात १५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ८५ टक्के नायट्रोजन असतो. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो, म्हणून हे प्रमाण. पण सिलिंडरमधला वायू ठणठणीत कोरडा असतो, आणि जगातली एकही चिमणी कोरडी नाही. कोळशात मुळातच ओल असते. त्यातला हायड्रोजन जळला की त्याचंही पाणीच होतं. गंधक धुऊन काढण्यासाठी धुरावर पाण्याचा फवारा मारला, तर धूर आणखी ओला होतो.

हे मला पुस्तकाआधी बाबांनी शिकवलं. आम्ही विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत वाढलो, बाबा बॉयलरच्या पाळीवर असायचे. ते म्हणायचे, धूर थंड होऊ देऊ नये, थंड झाला की घाम येतो आणि तो घाम लोखंड खातो. धुरातली वाफ आणि गंधकाचं आम्ल मिळून धातूच्या वाहिन्या कुरतडतात, म्हणून धूर १२०-१४० अंशांच्या आसपास गरमच सोडतात. दहा वर्षांच्या मुलीला ‘धुराला घाम येतो’ हे फार विलक्षण वाटलं होतं.

सकाळी ८.३०

माझी विद्यार्थिनी आली. संशोधनाचं तिचं दुसरं वर्ष. आज तिच्याकडून दोन पदार्थांची ओली चाचणी करून घ्यायची आहे, आधी झिओलाइटची आणि मग आमच्या अमाइनच्या भुकटीची.

सुरुवात वजनकाट्यापासून. रात्री तापवलेल्या त्याच बॅचमधला थोडा झिओलाइट बंद बाटलीत होता. बाटली काट्यावर ठेवून मी तिला बूच काढायला सांगितलं.

“आता आकडा लिहून घे.”

ती पेन उचलून थांबली. शेवटचा अंक वाढत होता. मग त्याच्या आधीचाही. “मॅडम, स्थिरच होत नाही हो.”

“होणारही नाही. खोलीतलं पाणी पितोय तो.”

१३एक्स नावाचा हा झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची पिंजऱ्यांची जाळी. पिंजऱ्यांत सोडियमचे धनभारित आयन बसलेले. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ, दोन्ही टोकांना सारखा, तरी त्याच्यातल्या विद्युतभाराच्या मांडणीमुळे सोडियम त्याला जवळ ओढतो. कोरड्या वायूत हा झिओलाइट त्यामुळे उत्तम काम करतो. पाण्याचा रेणू मात्र वाकडा. एक टोक ऋण, दुसरं धन. सोडियमला तो कितीतरी जास्त प्रिय. शिवाय आकाराने लहान, त्यामुळे कुठेही शिरतो. दोघं एकाच दारात उभे राहिले तर जागा कोणाला मिळणार, हे ठरलेलं आहे.

काट्यावरचा तो सरकता अंक तिने नीट पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. पाण्याची ओढ वाचून समजते, पण पटते ती अशी डोळ्यांदेखत.

सकाळी ९.३०

कोरडी फेरी. नळीत दोन ग्रॅम झिओलाइट, तापमान ५५ अंश, वायूचा वेग मिनिटाला ५० मिलिलिटर. नळीच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र.

पडद्यावर शून्याची सपाट रेघ. वायू आत जातोय, पण पलीकडे फक्त नायट्रोजन बाहेर पडतोय. तेराव्या मिनिटाला रेघ उचलली, भराभर चढली आणि १५ टक्क्यांवर टेकली. पदार्थाचं पोट भरलं. शून्यावरच्या त्या तेरा मिनिटांत किती वायू आत गेला, त्यावरून एका ग्रॅमने किती धरला ते निघतं. रिकाम्या नळीला लागणारा वेळ आधी मोजून वजा केलेला असतो.

सुंदर, टोकदार आलेख. शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर शोभेल असा.

सकाळी ११.००

नळी पुन्हा तापवून रिकामी केली, ५५ अंशांवर आणली आणि आता वायू बबलरमधून सोडला. बबलर म्हणजे पाण्याची बाटली, ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये बुडवलेली. वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि वाफ घेऊन बाहेर पडतो. या तापमानाला त्यात साधारण दहा टक्के वाफ मिसळते, म्हणजे खऱ्या धुरासारखीच. बबलर आधी काट्यावर तोलून घेतला. नळीच्या पलीकडे, यंत्राच्या आधी, पाणी धरून ठेवणारी कॅल्शियम क्लोराइडची नळी लावली. तीही तोलली.

तेराव्या मिनिटाच्या आसपास रेघ उचलली. अगदी सकाळसारखीच.

“मॅडम, काहीच फरक नाही! पाण्याचा परिणामच झाला नाही.” तिचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

“थांब,” मी म्हटलं. “पाणी कुठे गेलं?”

हा प्रश्न माझा नाही. मी संशोधन करत होते तेव्हा हाच प्रयोग मी वीस मिनिटांत बंद केला होता आणि ओल असूनही माझा झिओलाइट टिकतो, असं एका परिषदेत भर सभेत सांगितलं होतं. मागच्या रांगेतल्या एका वृद्ध रसायन-अभियंत्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, पाणी कुठे गेलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाणी मोजलंच नव्हतं. ते चार शब्द मी तेव्हापासून जपून ठेवले आहेत, कारण त्यांनी मला एका खोट्या निष्कर्षातून वाचवलं.

रेघ १५ वर थांबली नाही. ती १६ च्याही वर गेली आणि तिथेच राहिली.

“यंत्र बिघडलं का? आत १५ टक्के सोडतोय, बाहेर जास्त कसा येईल?”

“कोणाकडून येईल, सांग बघू.”

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “झिओलाइटकडून. तो परत देतोय.”

तेच. कार्बन डायऑक्साइड नळीतून पटकन पुढे पळतो आणि झिओलाइटच्या जागा भरून टाकतो. पाणी मागून सावकाश येतं, कारण प्रत्येक थरात ते ठाण मांडून बसतं. जसजसं ते पुढे सरकतं, तसतशी आधी बसलेल्या कार्बन डायऑक्साइडची एकेक रांग उठवली जाते. उठवलेला वायू आतल्या १५ टक्क्यांत मिसळतो, म्हणून बाहेर जास्त दिसतो. हे दोन तास चालतं. दोन तासांनी रेघ १५ वर परत येते, तेव्हा नळीत झिओलाइट आणि पाणी यांशिवाय फारसं काही उरलेलं नसतं.

पंधराव्या मिनिटाला बटण दाबलं असतं, तर हे सगळं झालंच नव्हतं असं वाटलं असतं.

दुपारी १.१५

डबा उघडण्याआधी जमाखर्च. बबलर हलका झाला होता ०.४६ ग्रॅमने. कॅल्शियम क्लोराइडची नळी जेमतेम एका मिलिग्रॅमने जड. उरलेलं सगळं पाणी दोन ग्रॅम झिओलाइटच्या पोटात. मेळ बसला. तिने लॉगबुकात आलेखाच्या खाली स्वतःहून लिहिलं: पाणी कुठे गेलं – पदार्थात.

मग ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी आणि डब्यात सादळलेला पापड. पापड तिने हसत दाखवला. आता तिला तो शब्द विसरता येणार नाही.

दुपारी २.१५

जेवणानंतर कपाटासमोर अर्धा तास. त्यातली प्रत्येक बाटली म्हणजे पाण्याशी केलेला एकेक करार.

पहिली बाटली एचकेयूएसटी-१, १९९९ सालचा तांब्याचा आणि सेंद्रिय आम्लाचा सांगाडा. धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून बांधलेल्या अशा सच्छिद्र स्फटिकांच्या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोरडा असताना याचा रंग गडद निळा-जांभळा. बूच उघडलं की हवेतलं पाणी तांब्याला चिकटतं आणि रंग आकाशी होत जातो. फार दिवस ओलीत राहिला तर सांगाडाच ढासळतो. याचा रंग पाहूनच कळतं, पाणी कुठे गेलं ते.

दुसरी बाटली झेडआयएफ-८. पाण्याला जवळ येऊ देत नाही, पण विरळ धुरातला कार्बन डायऑक्साइडही फारसा धरत नाही. पाणी टाळायचं म्हणून घराला दारच ठेवलं नाही, तर पाहुणाही येणार कसा?

तिसरी बाटली मला सगळ्यात प्रिय. सीएएलएफ-२०: जस्त, ऑक्झॅलेट आणि ट्रायझोल यांचा सांगाडा, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने घडवलेला. त्याची सविस्तर माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या पोकळ्यांचा आकार कार्बन डायऑक्साइडला असा बेतशीर बसतो, की सुमारे ४० टक्के आर्द्रतेपर्यंत तो पाण्याऐवजी त्यालाच जागा देतो. वाफेने तापवला तरी मोडत नाही. सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर त्याची चाचणी झाली आहे. पाणी अडवण्यासाठी भिंत बांधण्यापेक्षा योग्य पाहुण्यासाठी योग्य मापाची खोली बांधणं, हा विचार मला फार मोठा वाटतो.

आणि चौथी आमची. पांढरी, किंचित पिवळसर भुकटी. हिचा करार सगळ्यांत वेगळा: पाण्याला हाकलायचं नाही, कामाला लावायचं.

दुपारी ३.३०

या भुकटीचा पाया म्हणजे एसबीए-१५ नावाची सिलिका. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला ती पहिल्यांदा बनली. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी मांडणी, सहा-सात नॅनोमीटर रुंदीच्या सरळ नळ्या. एका ग्रॅममध्ये सातशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, म्हणजे चिमूटभर भुकटीत पाचांहून जास्त मैदानं घडी घालून ठेवलेली.

या नळ्यांत आम्ही पॉलिएथिलीनइमाइन भरतो. हा मधासारखा दाट, अमाइन गटांनी लगडलेला पदार्थ. मेथॅनॉलमध्ये विरघळवून त्यात सिलिका ढवळायची, मग मेथॅनॉल उडवून लावायचं. मध आत मुरतो, पोळं भरतं. २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियात चुनशान साँग यांच्या गटाने अशाच भरलेल्या सिलिकेला ‘रेणूंची टोपली’ म्हटलं होतं. भुकटी दाबून, फोडून, चाळून रव्याएवढे कण करतो, नाहीतर नळी चोंदते.

कालच कोरड्या वायूत हिची फेरी झाली होती. आज ओली.

सुरू करून दहा मिनिटं झाली आणि आत शिरणाऱ्या वायूची आर्द्रता डळमळू लागली. खाली-वर, खाली-वर. ती माझ्याकडे न बघता स्वतःशीच पुटपुटली, “पाणी कुठे गेलं?” आणि बबलरपासून नळीपर्यंतच्या वाहिनीवरून बोट फिरवत गेली. व्हॉल्व्हच्या आधीच्या कोपरात बोट थांबलं.

“मॅडम, हे थंड लागतंय.”

हीटिंग टेप तिथून दोन इंच सरकली होती. खोलीच्या २५ अंशांवर तेवढ्या तुकड्यात वाफेचं पाणी होत होतं आणि थेंबाथेंबाने साचत होतं. आम्ही मानत होतो तेवढी वाफ भुकटीपर्यंत पोहोचतच नव्हती. हा आकडा असाच लिहिला असता तर ‘ओली चाचणी’ या नावाखाली निम्मी कोरडी चाचणी झाली असती. फेरी थांबवली. वर्कशॉपमधल्या काकांनी टेप पुन्हा गुंडाळून वरून ॲल्युमिनियमची फॉइल चढवली आणि म्हणाले, “आता कुठं घाम नाय येणार.” बाबांचाच शब्द.

पाऊण तास गेला. पण आजच्या दिवसात ती सर्वांत मोठं काही शिकली असेल, तर ते त्या कोपरात.

संध्याकाळी ६.३०

दोन तासांची फेरी संपली. रेघ उशिरा उचलली, सावकाश चढली, १५ वर आली आणि तिथेच थांबली. वर गेली नाही. पाणी आलं, बसलं, पण कोणालाही उठवलं नाही. हिशेब केला: काल कोरड्यात धरला होता त्यापेक्षा आज ओल्यात थोडा जास्तच.

असं का होतं, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्याला सांगते आणि दर वर्षी मलाच नव्याने आनंद होतो. कोरड्या वायूत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू धरायला दोन अमाइन गट लागतात: एक त्याला बांधून घेतो, दुसरा सुटलेला प्रोटॉन सांभाळतो. पाणी असलं की ते यात भाग घेऊ शकतं. बायकार्बोनेट तयार होतं तेव्हा एका रेणूला एकच अमाइन पुरतं. शिवाय ओलीमुळे दाट पॉलिमर सैल होतो आणि वायूला आतवर वाट मिळते.

पाण्याचा दुसरा उपकार याहून मोठा. पकडलेला वायू सोडवण्यासाठी भुकटी तापवावी लागते. तेव्हा कोरडा कार्बन डायऑक्साइड अमाइनशी कायमची गाठ मारून युरियासारखी संयुगं बनवतो आणि भुकटी फेरीगणिक मरत जाते. ओटावा विद्यापीठात अब्देलहमीद सयारी आणि युसेफ बेलमाबखूत यांनी २०१० मध्ये दाखवलं, की वायूत ओल ठेवली तर ही गाठ बसत नाही आणि पदार्थ टिकतो. झिओलाइटला जे पाणी मारतं, तेच अमाइनला जगवतं.

तरी हिशेब इथे मिटत नाही. आमची भुकटीही पाणी प्यायली आहे, काटा ते सांगतो. तापवताना त्या पाण्याचीही वाफ होणार आणि प्रत्येक ग्रॅम पाण्यामागे सव्वादोन किलोज्यूलहून जास्त उष्णता जाणार. वीजकेंद्रात ती उष्णता विजेतूनच वजा होते. अमाइनच्या द्रावणाने वायू धुण्याची पद्धत १९३० च्या पेटंटपासून चालत आली आहे. तिच्यात बहुतांश पाणीच तापवावं लागतं, तिची मोठी अडचण तीच. घन पदार्थाचं सगळं आकर्षण पाणी कमी तापवण्यात आहे. म्हणून ओल्या वायूत किती धरला एवढं पुरत नाही, सोबत किती पाणी धरलं हेही लिहावं लागतं. आमच्या लॉगबुकात आता तीन रकाने आहेत: कोरडा, ओला, पाणी.

संध्याकाळी ७.४५

रात्रीची चक्रं लावली. ५५ अंशांवर पकडायचं, ११० अंशांवर सोडायचं, पुन्हा थंड करायचं. सकाळपर्यंत चार चक्रं होतील. झडपा आपोआप फिरतात, पण बबलरमधलं पाणी पुरेल ना हे आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजून पाहिलं.

दिवे बंद करताना तिने विचारलं, “मॅडम, एवढं दोन ग्रॅमचं करून खऱ्या चिमणीचं काय होणार?”

५०० मेगावॅटचं एक युनिट पूर्ण भाराने चाललं तर तासाला साधारण ४५० ते ५०० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. मध्य प्रदेशात विंध्याचलच्या वीजकेंद्रात धुरातून पकडण्याचा संच बसवला आहे, त्याची क्षमता दिवसाला २० टनांची. अंतर केवढं आहे ते यावरून कळतं. ते मी तिच्यापासून लपवलं नाही. मी एवढंच सांगितलं, की त्या आकाराचा संच बांधणारा माणूस एक दिवस आपल्या वहीतला आकडा उघडून त्यावर कोट्यवधी रुपये लावेल. तो आकडा कोरड्या सिलिंडरचा निघाला तर त्याचा संच पहिल्याच महिन्यात सादळेल.

रात्री ९.३०

बाबांचा फोन. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रात्री साडेनऊला पाळी बदलल्यासारखा त्यांचा फोन येतो. माझे शोधनिबंध कुठे छापून आले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला.

“काय गं, ओल्या धुरात केलंस का?”

“केलं बाबा. ओल्यात थोडा जास्तच धरला.”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “एकदा धरला ते ठीक आहे. बॉयलर एक दिवस चालत नाही. किती वेळा धरेल ते सांग.”

मी लॅपटॉप उघडला. नळी ११० अंशांवर होती, पहिलं चक्र सोडण्याच्या टप्प्यात. बबलरची पातळी ठीक होती. आलेखाची रेघ हळूहळू खाली उतरत होती.

“पहिलं चक्र चालू आहे,” मी त्यांना सांगितलं. “शंभर झाली की फोन करते.”